मंजूर भार

हैदराबाद रोडवर, मार्केट यार्डाच्या जरा अलीकडे,
मे महिन्यात, दुपारी दोनला
एक गाडी थांबली माझ्या शेडपुढं.
गाडी कसली, जमिनीला पोट टेकवून बसलेलं
जांभळं काहीतरी.
काच उतरली. आतला गारवा माझ्या गुडघ्याला लागला.
पोरगा म्हणाला, काका, फक्त हवा चेक करा.

किती घोडे? मी विचारलं.
जुनी खोड.
सातशे दहा, तो म्हणाला, कंपनीतूनच.
जसं सांगावं, छत्री गाडीतच असते.

कंपनीतूनच.

सत्त्याऐंशी साली मी आणि इरफान बागवाननं
एका पद्मिनीचं हेड घासलं होतं, तीन रात्री.
हवेची वाट कानशीनं रुंद केली,
जेट बदलले, सायलेन्सर कापून पुन्हा वेल्डिंग मारलं.
चाळीसाचे अठ्ठेचाळीस झाले असतील.
असतील म्हणतो, कारण मोजायला होतं काय?
होटगी रोड, विमानतळाची भिंत, रात्रीचा दीड,
इरफानच्या हातात त्याच्या मेव्हण्याचं घड्याळ,
आणि मी, दात आवळून, चौथ्या गिअरात.
आठ घोडे. एकेकाला नाव ठेवता आलं असतं.
चौथ्या दिवशी गॅस्केट उडालं.
वॉरंटी म्हणून इरफाननं एक शिवी दिली.

बॉनेट उघडू का? म्हणालो.
उघडलं त्यानं, कौतुकानं.
आत काळं प्लॅस्टिक, इकडून तिकडं,
इस्त्री केल्यासारखं.
एक नट नाही, ज्याला माझा पाना ओळख देईल.

घोडा हा शब्द मी पहिल्यांदा वाचला
तो लाइट बिलावर.
वडील साखर पेठेत जॉबर, इप्पलपल्लींच्या कारखान्यात.
मंजूर भार : सव्वीस एचपी.
सत्तावीसच्या पुढं गेलं की दर बदलतो,
म्हणून मालक एक माग कायम झाकून ठेवायचे,
वर जुनी चादर,
जणू आजारी माणूस.
एका मागाला एक मोटर, मोटरीला एक घोडा,
आणि त्या घोड्याच्या पाठीवर आम्ही पाच जण.
आई कांड्या भरायची.
रात्री लाइट गेली की वडील झोपेतून उठायचे,
आवाज बंद झाला म्हणून.

सातशे दहा.
नॉझल धरून मी मनात माग मांडत गेलो,
साखर पेठ भरली, कन्ना चौक भरला,
जोडबसवण्णा चौकापर्यंत गेलो
तरी हातात उरलेच.
एवढे माग या पोराच्या पायाखाली
आणि कापड एक वार नाही.
हे त्याला म्हणालो नाही. त्याचा काय दोष.
सुंदर होती गाडी. खोटं कशाला बोलू,
टायरवर हात जरा जास्तच वेळ ठेवला मी.

म्हणालो ते एवढंच :
आज तुझ्याकडं सातशे दहा नाहीत, बाळा.
तो दचकला.
त्रेचाळीस डिग्री आहे. तापलेली हवा पातळ,
इंजिनाला दम पुरत नाही,
तुझा कॉम्प्युटर गपचूप टायमिंग मागं ओढतो.
नळदुर्गपासून इथवर
पन्नास-साठ तर उन्हानंच सोडून घेतले.
त्यानं स्क्रीन बघितली.
स्क्रीनवर सगळे हजर होते.

पैसे घेतले नाहीत. हवेचे काय घ्यायचे.
बाहेर पडताना आवाज काढला त्यानं, माझ्यासाठी असावा,
शेडचे पत्रे थरथरले, माझे दातही,
आणि पुढच्याच स्पीडब्रेकरला
टॉवेलच्या गठ्ठ्यांनी वाकलेल्या टेम्पोमागं
तो तिरका होऊन, सेंटीमीटर सेंटीमीटर,
पोट सांभाळत उतरला.

बाकावर इरफान. कानानं गेलाय आता,
सोड्याची बाटली हातात तशीच.
ओरडला, किती म्हणाला बे?
मी बोटं दाखवली, सात.
सातच?
त्यानं बाटली तोंडाला लावली.
आपले आठ होते की बे.