जमिनीतले बोल्ट

शेडची किल्ली माझ्याकडे असते, एवढ्यासाठी मी 'सर'.
एरवी मी मादगुंडींच्या गोदामात टॉवेलचे गठ्ठे मोजतो
आणि मोजायची खोड संध्याकाळी सुटत नाही:
आज एकोणीस पोरं, अकरा पोरी,
कॅरमच्या सोंगट्या सतरा,
राणीच्या जागी खोकल्याच्या बाटलीचं लाल बूच.

इथं आधी आठ माग होते.
माग भंगारात गेले, मालक पुण्याला,
आणि शेड आमच्या ट्रस्टकडे, अकरा महिन्यांच्या करारावर.
सात वर्षं झाली, अकरा महिने संपत नाहीत.
बोल्ट तेवढे राहिले फरशीत,
एकेका मागाचे चार.
कापणाऱ्यानं जो आकडा सांगितला
त्यात पोरांची वर्षाची केळी आली असती.
मग जुन्या चपलांचे तळ त्यांवर बसवले
आणि कबड्डीचं मैदान त्यांच्यामधून आखलं,
थोडं वाकडं.
बाहेरचा संघ ठेचकाळतो.
आमची पोरं लाईट गेली तरी पळतात.

एप्रिलात पत्रा रात्री आठपर्यंत भाजत असतो.
पाणी मारा म्हणतात वर. पाचव्या दिवशी नळ येतो,
कुणाच्या घागरीतलं मारू?
एकच पंखा, टक् टक् करत फिरणारा,
मोहसीन बागवाननं बसवलेला.
तो आता चाकणला, रात्रपाळीला.
हजेरीतून त्याचं नाव मी काढलेलं नाही.
मधेच फोन करतो, बोलत काहीच नाही,
"सर, जरा पंख्याखाली धरा की फोन."

रजिता येमूल सूप घेऊन येते.
पथनाट्याची तालीम, आणि मांडीवर तेंदूची पानं.
तोंडानं संवाद, हातानं कापणं, भरणं, वळणं, दोरा.
"माझं लग्न ठरवताना मला विचारलंत का?"
या वाक्याला हात थांबतो. दिग्दर्शन नाही ते,
तिथं रोज थांबतो.
हजार झाल्याशिवाय घरी जेवण नाही,
म्हणून नौशीननं वळायला शिकून घेतलं,
आणि रेवणसिद्ध हत्तुरे, ज्याची सगळ्या गल्लीला भीती,
कोपऱ्यात बसून पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधतो.
बघितलं की खेकसतो, "काय बघायलास बे?
हात रिकामा होता."

मार्चमध्ये देणगीवाले आले.
फॉर्मवर एक चौकोन होता:
किती तरुणांच्या जीवनात बदल घडला?
मी मोजणारा माणूस, माझं पेन अडलं.
फोटोत सूप नको म्हणाले.
रजितानं ते पाठीमागं सरकवलं;
छापून आलं तेव्हा एक कोपरा दिसतच होता,
आणि मला का कोण जाणे बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी दारात एक म्हातारा.
कमरेत वाकलेला, एक कान पार गेलेला,
चप्पल बाहेर काढून आत आला, देवळात येतात तसा.
खेळ चालू होता. तो सरळ मधल्या रेषेवर गेला,
वाकला, रबराचा एक तळ उचलून बघितला,
दुसरा, तिसरा,
मग एका बोल्टवर अंगठा ठेवून म्हणाला,
"इदि नादे."
हा माझा.
पोरं थांबली. कुणी हसलं नाही.
रजिता उठली, "कूर्चो, ताता," म्हणाली,
पण तो बसला नाही. बावीस वर्षं उभा होता तिथं,
तिथंच उभा राहिला,
आणि हातानं खूण केली: चालू द्या.

मग रेवणसिद्धनं चढाई केली,
म्हाताऱ्याच्या डावीकडून गेला, उजवीकडून आला,
त्याला धक्का लागू न देता
दोन गडी टिपून परत.
म्हातारा मान हलवत होता,
त्या दमाच्या आवाजावर की पंख्याच्या, कळलं नाही.

फॉर्म अजून माझ्या खणात आहे.
उद्या नळाचा दिवस, शेड अर्धा तास उशिरा उघडेन.