चौथी

फॉर्मवर वय लिहिलं त्रेचाळीस.
रक्तगट आठवेना, दवाखान्यात फोन करून विचारला.
'अपेक्षित वेळ' या चौकटीपाशी पेन थांबलं.
फिरके सर म्हणाले, दोन तास पंचवीस लिही,
आणि तेवढेच लाव.
मी म्हटलं, सर, शर्यत आहे ना ही?
ते म्हणाले, तुझी शर्यत जानेवारीत. बेचाळीसची.
ही फैजपूर-भुसावळ म्हणजे तिची नुसती चाचणी.
किलोमीटरला सहा मिनिटं बावन्न. पाठ कर.

ऑक्टोबरात दहाच्या शर्यतीत मी
पोलीस भरतीच्या पोरींमागे सुटले होते.
सहाव्या किलोमीटरला मोरीच्या कठड्यावर बसले,
एका ट्रकवाल्याने विचारलं, बाई, कुठे सोडू?

तसं मला कळायला हवं होतं.
मी सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरचं रजिस्टर लिहिते.
अठरा अंश. चौथ्या दिवशी दार उघडायचं.
व्यापारी तिसऱ्याच दिवशी फोन करतो,
आणि मी त्याला दरवेळी तेच सांगते:
घाईचं केळं सालीवर पिवळं होतं,
देठाशी हिरवंच राहतं.
हे मला माहीत आहे.
पायांना कोण सांगणार?

पहाटे पावणेसहा. बागांवर धुई,
पानांवरून टपटप, आणि माझ्या अंगावर नवऱ्याचा जुना स्वेटर,
दुसऱ्या किलोमीटरला तो मैलाच्या दगडावर ठेवून दिला.
सगळे मला ओलांडून गेले.
कॉलेजच्या पोरी, पतपेढीचा मॅनेजर,
गळ्यात शिट्टी घातलेले साठीचे कंपाउंडर.
एकोणचाळीस मोजले.
मग मोजणं सोडलं,
मोजता मोजता पाय वाढत होता.

बामणोदला एका म्हातारीने विचारलं, मागे राह्यली का व?
मी हसले. हसण्यातही श्वास जातो.

पाडळशाच्या पुढे ऊन रस्त्यावर उतरलं
आणि एकेक जण परत भेटू लागला.
मॅनेजर गुडघ्यावर हात टेकून.
दोन पोरी चालत, एकमेकींचा हात धरून.
मी काही वाढवलं नव्हतं. घड्याळात तेच, सहा बावन्न.

तापीच्या पुलावर पिवळा टी-शर्ट दिसला.
कमरेवर हात, डावा पाय जरा ओढत.
मोटारसायकलवरचा स्वयंसेवक माझ्या बाजूला आला, ओरडला,
मावशी, ती तिसरी हाय! तिसरीले मिक्सर हाय!

साडेसातशे वॅट. तीन भांडी.
सुरू होण्याआधी मांडवात मी हात लावून पाहिला होता.
घरच्या मिक्सरचं झाकण
तीन वर्षं तळहाताने दाबून धरतेय.
पायात होतं. खोटं कशाला बोलू, होतं.
खाली नदी, थोडं पाणी, बरेच दगड,
आणि बेचाळीसातले उरलेले एकवीस
पुलाच्या त्या टोकाला उभे असल्यासारखे.

मी नाही गेले.

माइकवर नाव घेतलं, ज्योत्स्ना पाचपांडे.
अठरा सेकंदांनी तिसरी.
तिने खोका डोक्यावर घेऊन फोटो काढला,
मी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.

सरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग मला.
दोन तास चोवीस मिनिटं एक्कावन्न.
म्हणाले, नऊ सेकंद कुठे गेले?
मी म्हटलं, शेवटी उतार होता, सर.
भुसावळला कुठला आलाय उतार?
त्यांनी पाणी पुढे केलं, बाकी काही विचारलं नाही.

ते नऊ सेकंद पुलावर आहेत,
मधल्या दोन खांबांच्या मध्ये,
पन्नासेक पावलं, जेव्हा पिवळा टी-शर्ट
एवढा जवळ आला होता
की पाठीवरची घामाची रेघ दिसत होती.

घरी दारातच प्रश्न: चौथी? मग चौथीले काय भेटलं?
दोन केळी आणि मेडल, मी म्हटलं.
केळी आपल्याकडचीच होती.
स्वेटर कुणी नेला का, हे त्याने विचारलं नाही,
मीही काढलं नाही.

संध्याकाळी भरितासाठी मिरच्या-शेंगदाणे वाटायला घेतले.
झाकणावर तळहात दाबला,
बटण फिरवलं,
आणि नकळत नऊपर्यंत मोजलं.