तिसरा उमेदवार

मुलाखतीची खोली रिंकच्या वरच्या मजल्यावर.
खाली बर्फ घासणारं मशीन फिरतंय,
त्याची घरघर टेबलातून माझ्या कोपरापर्यंत येते.
आम्ही तिघं. समोर तीन तक्ते,
प्रत्येकात अकरा रकाने, एक ते दहा गुण :
करारांची जाण, पगारमर्यादेचं गणित,
पोरांची पारख, पत्रकारांशी वागणूक.
बर्नाडेटनं रात्र जागून ते आखलेत.
रेघा सरळ आहेत, तिच्या वकिलीसारख्या.

पहिल्यानं त्रेपन्न स्लाइड्स आणल्या होत्या.
दुसरा दर वाक्याला 'संस्कृती' म्हणायचा,
आणि म्हातारा डेजार्दँ, ज्याच्या बँकेचे पैसे संघात अडकलेत,
कागदाच्या कडेला काड्या मोजत होता.
सतरा झाल्यावर त्यानं पेन्सिल ठेवली.

तिसरा ऑर्व्हिल क्राव्हचुक.
कोटाचं एक बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं.
त्याची कारकीर्द आम्हाला पाठ :
दोन करंडक, तीन हकालपट्ट्या,
आणि पहिल्या फेरीत निवडलेला तो गोलकीपर
जो आता केनोरात बोटी विकतो.
"चूक कुणाची?" बर्नाडेटनं विचारलं.
"डॉक्टरांनी गुडघा पाहिला," तो म्हणाला,
"मी अहवाल पाहिला.
मी गुडघा पाहायला हवा होता."
डेजार्दँनं आठ लिहिले. मला तिरप्या नजरेनं दिसले.

मी अजून काहीच लिहिलं नव्हतं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता.
तेवीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत,
वावाच्या पेट्रोल पंपावर, उणे एकतीस,
गाडीत बायको, सातवा महिना,
आणि माझ्या कानात हाच घोगरा सूर :
"ल्यूक, तुला आम्ही टल्साला दिलंय."
दिलंय.
शेजाऱ्याला शिडी द्यावी तसं.
टल्सा कुठं आहे ते मी
त्याच पंपावर नकाशा विकत घेऊन शोधलं.
बायकोनं घडी उलगडून धरली होती,
तिचे हातमोजे इतके जाड
की एक अख्खं राज्य त्यांच्याखाली झाकलं गेलं.

माझी पाळी आली. माझ्या वाट्याला
प्रश्न क्रमांक नऊ : कठीण निर्णय कसे कळवता?
छापला होता तसा वाचला.
खालचं मशीन एव्हाना थांबलं होतं.
"फोनवर," तो म्हणाला, "आणि दर वेळी वाईट.
एकदा एका बचावपटूला पेट्रोल पंपावर गाठलं.
बोलायचं ते लिहून घेतलं होतं, तीन ओळी.
दोन झाल्या, आणि पलीकडे
टाकी भरून नळीचा खटका पडला.
का कोण जाणे, तिसरी न वाचताच मी फोन ठेवला."

तिसरी ओळ कोणती, बर्नाडेटनं विचारलं नाही.
रकान्यात नव्हतं.
मीही विचारलं नाही.
तो मला ओळखून बोलला,
की दर मुलाखतीत हीच पुडी सोडतो,
मला कळेना.
आणि संघ ज्याच्या हाती द्यायचा
त्याच्याकडे हे कळू न देण्याचं कसब
असावं की नसावं,
त्यालाही रकाना नव्हता.

तो गेला. जिन्यावर त्याचा उजवा पाय जपून पडत होता.
"वय झालंय," डेजार्दँ म्हणाला, स्वतः एक्याऐंशीचा.
"पगार परवडेल," बर्नाडेट म्हणाली.
मी नवव्यापुढे सात लिहिले,
खोडून तीन केले, मग पुन्हा सात,
कागद तिथं फाटायला आला.

घरी जाताना पंपावर थांबलो.
टाकी तशी पाऊण भरलेली होती.
तरी नळी लावली,
आणि खटका पडेपर्यंत गारठ्यात उभा राहिलो.

मत शुक्रवारी द्यायचंय.