अट क्रमांक चौदा

नकाशावरची लाल रेघ मीच तपासली.
चार हेक्टर सहा आर, ब्रॅम्पिट गावाची पूर्व बाजू.
सध्याचा वापर: शेती.
‘सध्याचा’ हा शब्द फॉर्मवर आधीपासून छापलेला असतो.

मार्चभर दिव्याच्या खांबावर पिवळी नोटीस भिजत राहिली.
मुदत एकवीस दिवस. हरकती दोनशे अकरा,
त्यातल्या नव्वद एकाच मजकुराच्या,
खालची नावं तेवढी निराळी.
एक पोस्टकार्ड होतं, त्यावर नुसतं: नको.
तेही मी नोंदवलं. नियमात बसतं.

मग रात्री टॉर्च घेऊन तळ्याकाठी
पाणसरड्यांची मोजदाद. सापडले दोन, दोन्ही नर.
रस्त्यावर रबरी नळी आडवी टाकून गाड्यांची मोजदाद.
चंडोलांची तीन घरटी.
जमिनीचा दर्जा तीन-अ,
म्हणजे चांगली, पण जीव टाकावा इतकी नाही.
हे वाक्य अहवालात मी जरा वेगळं लिहिलं.

सुनावणीला प्रत्येकी तीन मिनिटं.
हेस्टर पार्गेटर, निवृत्त भूगोल-शिक्षिका,
बरणीत शेतातली माती घेऊन आल्या.
घड्याळ चालू होतं, झाकण काही केल्या उघडेना.
त्यांच्यामागून टेस ओकी, वृद्धाश्रमात रात्रपाळीची.
म्हणाली, मी तिशीला आले,
माझं पोर आईच्या घरी इस्त्रीच्या टेबलाखाली झोपतं.
आणि खाली बसली.
उरलेली दोन मिनिटं वीस सेकंद
सभागृहाला काय करावं ते कळेना.

जमीनमालक विल्फ ट्रँटर मागच्या खुर्चीत,
टोपी गुडघ्यावर.
ट्रॅक्टरवर चढणं त्या गुडघ्यांनी केव्हाच सोडलंय,
मुलगी ॲडलेडला दातांची डॉक्टर.
तो बोलला नाही. बोलायला त्याचा एजंट होता.

आता अहवालात नसलेली एक गोष्ट.
तळघरातल्या जुन्या दप्तरात मी भलतंच काही शोधत होते,
हाती आली १९७१ची फाईल: मेडो राइज, बेचाळीस घरं.
पार्गेटरबाईंचं घर त्यातलंच, अठ्ठावीस नंबर.
आत एकुलती एक हरकत, शाईच्या पेनाने:
‘गावातली घेवड्याची सगळ्यात चांगली जमीन हीच.
इथली माती ऑक्टोबरातही हाताला ऊब देते.’
सही, एडगर ट्रँटर. विल्फचा बाप.
त्याखाली शेरा: वाचले. दप्तरी दाखल.

मी फाईल पुन्हा दोरीने बांधली.
दाखवायची कुणाला? हेस्टरला? विल्फला?
ती कुणाच्याच बाजूची साक्ष नव्हती.

सहा विरुद्ध पाच. बत्तीस अटींसह मंजूर.
टाळी कुणी वाजवली नाही,
टेस तर तोवर कामावर गेली होती.
चौऱ्याऐंशी घरांतली एकवीस ‘परवडणारी’.
हा शब्द मी अहवालात सोळा वेळा लिहिला,
मासळी-चिप्सच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत,
उशीलाही तेलाचा वास येतो तिथे.
यादीत माझं नाव घालावं की नाही, अजून ठरत नाही.

अट क्रमांक चौदा माझी:
वरची माती वेगळी काढून तिचा ढीग करावा,
उंची दोन मीटरहून जास्त नसावी,
नाहीतर आतली माती गुदमरते.
जुलैत तपासणीला गेले. हेल्मेट, पिवळं जाकीट, टेप.
ढिगावर गेल्या साली सांडलेलं जव उगवलेलं,
दाट, कमरेइतकं, ओंब्या भरत आलेल्या.
साइट मॅनेजरने टेपचं दुसरं टोक धरलं,
वर बघितलं, म्हणाला,
‘उंची पिकासकट धरायची, की पीक सोडून?’

मी उभ्या उभ्या अट पुन्हा वाचली.
त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं.