बाकी पाच

फळ्यावर मी सात लिहिले
आणि खडू ठेवून दिला.
तोरा बाईंनी विचारलं, "बाकी?"
मी म्हटलं, "बाकी काही नाही."
वर्ग हसला. वर्ग म्हणजे आम्ही चौघं,
फेरो बेटांच्या उत्तर टोकाला
आमच्या गावात मुलंच तेवढी होती.
"एकसष्ट भागिले आठ," बाई म्हणाल्या,
"निःशेष भाग जात नाही, सुन्वा.
उरतं ते बाजूला लिहायचं."
मी बाजूला पाच लिहिले, बारीक,
ताटाच्या कडेला काढून ठेवलेल्या
माशाच्या काट्यांसारखे.

शनिवारी मेंढ्या पलीकडच्या बेटुकल्यावर न्यायच्या होत्या.
त्याही एकसष्टच.
बाईंनी गणित आमच्या गोठ्यातून उचललं होतं.
होडीत आठ मावतात, पाय बांधून,
एकीच्या पोटावर दुसरीचं डोकं.
नववी घेतली की होडी पाणी पिते,
हे वडिलांना शाळेत न जाता ठाऊक.

वल्ह्यावर हाइनीकाका.
चौथ्या खेपेनंतर त्यांनी हातमोजे काढले,
तळहातांकडे पाहिलं
आणि पुन्हा घातले.
सातवी खेप टाकून ते परतले तेव्हा
खाडीतली ओढ उलटली होती,
पाणी जागोजागी पांढरं.
"सात झाल्या," वडील म्हणाले, होडी वर ओढत.
"आठ करायच्यात," काका म्हणाले, "वल्ही मी मारतोय."
आणि धक्क्यावर बांधलेल्या पाचजणी
आपलं तिसरंच उत्तर
ओरडून ओरडून सांगत होत्या.
मला वाटायचं,
एका गणिताला एकच उत्तर असतं.

रात्री मी होडीघरात त्यांच्यापाशी झोपले.
डांबराचा वास, ओल्या लोकरीचा वास,
पत्र्यावर वारा.
त्यांना म्हटलं, अजून तिघी असत्या ना,
तर तुम्ही बाकी राहिलाच नसता,
तुमची अख्खी खेप झाली असती.
आठ कधी उरत नाहीत.
उरायचं ते आठाच्या आतच उरतं,
सात, चार, एक,
नाहीतर शून्य,
आणि शून्य आलं की माणसं घरी झोपतात.

पहाटे, डाव्या कानाला खाच असलेली व्यायली.
कोकरू काळं, चिकट,
उभं राहायची नुसती घाई.
मी बोटांवर ताळा केला:
आठ साते छप्पन्न,
छप्पन्न आणि सहा, बासष्ट.
भागाकार हलला नाही. सातच.
रात्रीत कुणी जन्मलं
हे त्या मोठ्या आकड्याला कळलंही नसतं.
कळलं असतं ते
बाजूच्या बारक्याला.

सकाळी वारा पडला.
आठव्या खेपेची होडी
पाण्यावर उंच, थोडी भांबावलेली.
पाच मेंढ्या, एक कोकरू.
वडिलांनी आत पाहिलं,
मग माझ्याकडे.
त्या बेटावर मला कधीच कुणी नेलं नव्हतं,
भरल्या होडीत पोरीला जागा कुठली.
"दोन मेंढ्यांची जागा आहे," ते म्हणाले. "बस."

मी बसले.
कोकरू मांडीवर घेतलं,
त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली
इतकं भराभर की मोजता येईना.
धक्का मागे सरला. त्यावर कुणी नव्हतं,
सुटलेल्या दोऱ्या तेवढ्या.
काकांनी वल्हं पाण्यात घातलं
आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले,
"आठ."