ठराव नाही

रेडिओवर बाई सांगत होती,
कुठल्याशा देशात मोजणी मध्येच थांबली,
अर्ध्या पेट्यांचा पत्ता नाही, तरी निकाल लागला,
आणि आपल्या सरकारनं म्हटलं आहे
की ती त्या देशाची अंतर्गत बाब.
मी चहा बशीत ओतत होतो. तो तसाच राहिला.

हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.
चिचटोल्याच्या प्रोसिडिंग बुकात, पान एकेचाळीस,
निळी शाई, शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी.
माझ्या अक्षराची बीडीओसुद्धा तारीफ करायचे.

चुलबंद नदीच्या पल्याड खांबाडा.
बायांसाठी जागा पहिल्यांदा राखीव झाली, ते वर्ष.
एकीकडून राइस मिलवाल्या परसरामची सून,
दुसरीकडून कौतिका मारबते, डोंगा चालवणारी.
शाळेत मोजणी चालू होती. रात्री नऊला दिवे गेले,
खांबाड्याचेच. आमचे जळत होते.
आम्ही घाटावर उभे राहून त्यांचा अंधार पाहत होतो.
शाळेकडे एक बॅटरी हलली, मग दोन हलल्या,
मग कागद जळाल्याचा वास पाण्यावरून आला.
दिवे परत आले तेव्हा
मिलवाल्याची सून एकतीस मतांनी निवडून आलेली होती.

कौतिका मध्यरात्री डोंगा घेऊन आली.
लुगड्याचा काष्टा ओला. बस म्हटलं, बसली नाही.
पैसे मागितले नाहीत, माणसं मागितली नाहीत.
"तुम्ही पाह्यलं ना? मंग येवढंच लिवून द्या,
का पाह्यलं."

सकाळी सभा.
कोणी म्हणालं, मग धान कुठं भरडाचं?
कोणी म्हणालं, माही पोरगी देल्ली हाये तिकडं.
नहराचं पाणी त्यांच्या हद्दीतून येतं, हे कोणी म्हणालं नाही,
त्याची गरज नव्हती.
म्हातारा दयाराम उईके बोलला, ते मात्र अजून पोटात आहे:
"आपण लिवलं, का कौतिका आपली झाली.
उद्या ते म्हणतीन, नदीपल्याडच्यायनं उभी केली.
तिले खरी पडलेली मतं बी मंग खोटी होतीन."
यावर कोणाजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळ आजही नाही.
आमच्या भांडणात एकदा खांबाडा बोलला होता,
तेव्हा त्यांच्या माणसांना आम्ही याच घाटावरून गोटे मारले होते.

मी लिहिलं: चर्चा झाली.
विषय शेजारील गावाची अंतर्गत बाब असल्याने
ठराव नाही.
खाली सह्या, अंगठे.

इथवरच असतं तर मी म्हटलं असतं, गप्प राहिलो.
पण चौथ्या दिवशी आमचे सरपंच
शाल, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन निघाले
निवडून आलेल्या बाईंच्या सत्काराला.
नदीला पाणी होतं. म्हणून डोंग्यातून.
डोंगा कौतिकाचा.
मी सोबत होतो. नारळ माझ्या मांडीवर होता.
ती आमच्यासमोर उभी राहून बांबू रेटत होती.
हाराकडे तिनं एकदा पाहिलं,
मग पाण्याकडे, कारण तिथं खडक आहे.

पल्याड लागल्यावर हात पुढं केला.
माणशी आठ आणे, पाच माणसं.
पाच नाणी तिनं मोठ्यानं मोजली,
मग परत पहिल्यापासून मोजली,
काठावर धुणं धुणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशी.

आता तिथं पूल आहे.
रेडिओवरची बाई धानाचे भाव सांगते आहे.
बशीतल्या चहावर साय धरली.
सरकारनं बोलावं का, असं मला कोणी विचारलं
तर मी सांगू शकणार नाही.
मी एवढंच विचारीन,
नारळ कोणत्या दिवशी निघणार आहे
आणि डोंगा कोणाचा.