पूर्वानुभव, चार रेघांत

अर्जाच्या सहाव्या रकान्यात विचारलंय :
अमेरिकेच्या इतिहासाचा पूर्वानुभव असल्यास लिहा.
खाली चार रेघा.
कलिन्याच्या खिडकीतली बाई म्हणाली,
जादा कागद जोडायचा नाही.

तर पहिली रेघ.
नववीत, शिवडीच्या शाळेत, चार गुणांची टीप :
बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या.
मी मोठ्यानं पाठ करत होते.
आई भाकरी उलटता उलटता म्हणाली,
एवढा चहा पाण्यात? आणि कुणी काही बोललं नाही?
बोलले ना, त्यावरूनच पुढे युद्ध पेटलं.
मग बरोबर, ती म्हणाली.
हे 'बरोबर' मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

दुसरी रेघ. शेवटच्या वर्षाला हा पेपर घेतला
तो अर्थशास्त्राच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून.
वर्गात आम्ही अकरा जण, त्यातले सात पंख्याखाली.
मस्करेन्हस सर खडूनं नकाशा काढायचे,
मिसिसिपी फळ्यात मावायची नाही,
चौकट ओलांडून भिंतीवर उतरायची.
शिपाई ओल्या फडक्यानं पुसायचा,
नदी संध्याकाळपर्यंत ओली राहायची.
पहिल्या चाचणीत मला वीसपैकी सहा.
समासात सरांचा लाल शेरा :
तारखा आल्या, माणसं कुठे आहेत?

तिसऱ्या रेघेत मावत नाही ते हे.
लायब्ररीतल्या जाड पुस्तकात, पान दोनशे चौदा,
अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत
आमचं शहर एकदाच येतं.
तिकडची बंदरं अडली, कापूस अडला,
मुंबईत भाव चढले. युद्ध संपलं, उतरले.
दीड ओळ.
त्या दीड ओळीत किती पेढ्या बुडाल्या,
किती समुद्र बुजवून जमीन झाली,
आणि ज्यानं पाठीवरून गासडी बोटीत चढवली
त्याला ना चढ लागला, ना उतार.

बाबा कॉटन ग्रीनच्या गोदामात, काट्यावर. एकतीस वर्षं.
केसांत रुई असते, कानांतही.
आता बरीच गोदामं रिकामी, तरी काटा रोज पुसतात.
मी त्यांना एक झेरॉक्स दाखवली,
तिकडच्या कुठल्याशा मळ्याची वही, साल अठराशे अठ्ठावन्न.
इंग्रजी त्यांना येत नाही, आकडे येतात.
बोट उतरत गेलं, मनात बेरीज चाललेली.
वजनं आहेत ही, म्हणाले,
पण गासडीच्या नंबराच्या जागी काय लिहिलंय?
नावं, मी म्हटलं. माणसांची.
दिवसभरात कुणी किती वेचला त्याची.
आणि कमी भरला तर?
मी सांगितलं.
बाबा कागद धरून बसले.
मग म्हणाले, कारकुनाचं अक्षर चांगलंय,
आणि हात धुवायला उठले.
अजून जेवायचं होतं.

पुढील योजना, असाही एक रकाना आहे.
योजना म्हणजे, त्या तळटिपेत राहायला जायचं.
तिथून मान वर करून पान वाचायचं.
शिष्यवृत्ती मिळाली तर मूळ वही हातात घेईन,
शाई कुठे दाटलीय, कुठे टाक थांबलाय ते बघेन.
नाही मिळाली तर इथेच
गोदीच्या जुन्या दप्तरांत हमालांची नावं शोधेन,
निदान आकड्यांपुढे कुणी लिहिली असतील तर.
वऱ्हाडातून बैलगाड्यांनी कापूस निघायचा त्या वाटेवरची,
वेचणाऱ्या बायांची तर नसतीलच.
नसतील तर ती रिकामी जागा मोजेन,
काट्यावर, बाबांकडून शिकून.
नोकरी लागेल का, हे आई रोज विचारते.
ते अर्जात विचारलेलं नाही.

खिडकी चारला बंद होते.
चार वाजायला सात मिनिटं असताना लिहिलं :
पदवीला एक पेपर. गुण त्रेपन्न.
तीन रेघा कोऱ्या.
बाईनं शिक्का उचलला, अर्ज उलटा करून पाहिला,
एवढंच?